तिसऱ्या पेल्यापर्यंत

परदेशाहून परतलेल्या वृद्धाला गावात काय विचारतात ते ठरलेले आहे. थंडी फार होती का, जेवणाखाण्याचे कसे जमले, मुलाचे घर केवढे आहे. वाईस परत आल्यापासून घाटावर, पाठशाळेत आणि वाण्याच्या दुकानात मी या प्रश्नांची उत्तरे यथाशक्ती दिली आहेत. थंडी होती. जेवण घरचेच होते. घर लाकडी आणि टुमदार असून मागच्या खिडकीतून समुद्राची खाडी दिसते. एवढे ऐकून मंडळी संतुष्ट होऊन निघून जातात. मला त्या देशातून जे बरोबर आणावे लागले, ते या उत्तरांत मावत नाही. म्हणून हे लेखन.

हिल्सबरो

सन २००५ च्या आषाढात मी न्यूझीलंडमधील ऑकलंड नगरीतील हिल्सबरो या भागात चिरंजिवांच्या घरी पोहोचलो. चातुर्मासात स्थलांतर करू नये असा दंडक. पण चिरंजीव मकरंदाने तिकीट आधीच काढले होते. तेव्हा चातुर्मास तिकडेच बसवावा असे ठरवून मी निघालो.

पहिल्याच प्रातःकाळी संध्येस बसलो आणि संकल्पाशी अडलो. देशकालाचा उच्चार करताना जंबुद्वीप म्हणावे तर ते असत्य होते, आणि या भूमीला कोणते द्वीप म्हणावे हे सांगणारा कोणी जवळ नव्हता. अखेर ‘या देशी’ एवढेच म्हणून पळीभर पाणी सोडले. तेथे आषाढात हिवाळा असतो. माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडून जातो आणि ध्रुव मुळीच दिसत नाही. आयुष्यभर ज्याच्याकडे बोट दाखवून शिष्यांना दिशा शिकविल्या, तो तारा पृथ्वीच्या पोटाआड गेला होता.

माणसे मात्र आढळली ती सौजन्यशील. कोपऱ्यावरच्या दुकानाला ते ‘डेअरी’ म्हणतात, आणि तेथे दुधापासून वर्तमानपत्रापर्यंत सारे मिळते. शेजारच्या गोऱ्या गृहस्थांच्या फाटकाशी लिंबांची पेटी ठेवलेली असे, कोणीही न्यावीत. सूनबाई केतकीने त्यांचे लोणचे घालून एक बरणी त्यांना परत दिली. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, “स्वीट ॲज!” म्हणजे तिकडच्या बोलीत ‘झकास’. चौकशी केल्यावर कळले की त्यांनी ते पावाला जॅमसारखे फासून खाल्ले होते. नात सई हसून लोळली. तिला मराठी सारे कळते, पण उत्तर इंग्रजीतच येते. “आजोबा, पुट युअर सॉक्स ऑन, इट्स फ्रीझिंग!” हे तिचे माझ्यावरचे नित्याचे अनुशासन होते.

केतकी मिरजेची डॉक्टर. तेथली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून तिला त्या देशात रुग्णाची नाडी धरण्याचाही अधिकार नव्हता. घरकाम आणि अभ्यास सांभाळून ती दर शनिवारी सकाळी जवळच्या सार्वजनिक सभागृहात मदतीला जाई. पहिल्या शनिवारी मकरंद सईला पोहायला घेऊन गेला होता. मला घरी एकटे ठेवणे नको म्हणून केतकीने मला बरोबर नेले आणि सभागृहाच्या ओसरीवर खुर्ची मांडून दिली.

मी जपमाळ काढतो न काढतो तोच ऊद जळल्याचा वास आला. ओसरीच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली, एक उंच कृष्णवर्ण स्त्री बैठ्या चौरंगावर बसून तव्यात हिरव्या बिया भाजत होती. अंगावर शुभ्र सुती वस्त्र, त्याला आपल्या उपरण्यासारखा रंगीत काठ. शेजारी निखाऱ्यावर धूप. बिया काळ्या होऊन तडतडू लागल्या तशी ती तवा घेऊन उठली आणि भोवतालच्या प्रत्येक बाईच्या नाकाशी तो धूर नेऊन आली. बायकांनी तो धूर आरतीसारखा दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून घेतला. मी माळ थांबवून पाहत राहिलो. तिच्या ते लक्षात आले.

“तुम्ही पुरोहित का?” तिने विचारले.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितले की मी वेद शिकवतो, आणि प्रसंगी पौरोहित्यही करतो.

“मग तुम्हाला आमचा धंदा कळेल. धूर, लहान पेले आणि लांबलचक बोलणे!” असे म्हणून ती इतक्या मोठ्याने हसली की ओसरीवरची कबुतरे उडाली.

हिचे नाव अल्माझ. इथिओपियातील गोंडर गावची. तिकडे ती परिचारिका होती. इकडे तिची पदवी कोणी मानीत नाही, म्हणून आठवडाभर ती एका वृद्धाश्रमातील कपडे धुते. आणि शनिवारी इथिओपिया, सुदान, सोमालिया अशा देशांतून आश्रयास आलेल्या स्त्रियांना या सभागृहात जमवते. तिच्याकडे धर्मगुरूंना ‘अब्बा’ म्हणतात. त्या दिवसापासून मी तिचा अब्बा झालो.

“एवढा धूर करता, तर आत ती आगीची घंटा वाजत नाही का?” मी विचारले.

“म्हणून तर बाहेर भाजते, अब्बा. ती घंटा फार नाजूक मनाची आहे. तिला सगळ्याचीच भीती वाटते.”

घरी परतताना केतकीने मला त्या कॉफीचे रहस्य उलगडून सांगितले. एकाच भांड्यातून एकामागून एक तीन वेळा कॉफी दिली जाते, आणि तिसऱ्या पेल्याला त्यांच्या भाषेत ‘आशीर्वाद’ असे नाव आहे. ही जुनी रीत. तिच्यावर अल्माझने आपली एक रीत बसविली. पहिल्या पेल्याला आजाराचे नाव काढायचे नाही. मुले, भाव, पाऊस, नवरे एवढेच बोलायचे. दुसऱ्या पेल्याला आजाराविषयी बोलायचे, पण आपल्या नव्हे. ‘माझ्या एका शेजारणीला असे असे होते’ असेच म्हणायचे. कोण शेजारीण, असे कोणी कोणाला विचारायचे नाही. तिसरा पेला ओतला की सभागृहाच्या मागच्या खोलीचा पडदा सरकतो. तेथे एक परिचारिका बसलेली असते. जिला इच्छा असेल तिने आपला पेला हाती घेऊन आत जायचे.

“बाबा, दवाखान्यात या बायका बोलत नाहीत,” केतकी म्हणाली. “आणि बोलल्या तर दुभाषा म्हणून त्यांच्याच आठ वर्षांच्या मुलाला उभं करतात. आईच्या अंगावरून जातंय हे मुलानं डॉक्टरला सांगायचं! कोण बोलेल?”

त्या व्यवस्थेविरुद्ध अल्माझ इस्पितळाच्या सभांतून भांडत असे. तेथे काय होते, असे मी पुढे एकदा तिला विचारले. ती म्हणाली, “ते मला बिस्किट देतात आणि पुढच्या सभेची तारीख देतात. बिस्किटे चांगली असतात.”

माझा शनिवार त्या ओसरीशी बांधला गेला. आत बायकांची सभा, म्हणून मी उंबरा ओलांडीत नसे. अल्माझ पहिला पेला मला बाहेर आणून देई. “पहिलाच. पुढचे दोन पुरुषांना नाहीत.” ती मोठी व्रतस्थ होती. बुधवार-शुक्रवार आणि पुष्कळ पर्वकाळी दूधतूपसुद्धा वर्ज्य. आमच्या एकादशीचे पदार्थ तिने मला विचारले. मी साबुदाण्याची खिचडी, त्यातले तूप, दाणे, बटाटा हे सारे यथासांग वर्णन केले. ती गंभीरपणे ऐकत होती.

“अब्बा,” ती शेवटी म्हणाली, “हा उपास आहे की लग्न?”

 

त्या बायकांत हिरुत नावाची एक तरुणी होती. बाबागाडीत मूल घेऊन दोन बस बदलून येई, भिंतीशी बसे, आणि दुसरा पेला संपताच मुलाला टोपी घालून निघून जाई. तिसऱ्या पेल्याला ती कधीही थांबली नाही. ती गेली की अल्माझ दारापर्यंत येऊन वळणाआड होईतो तिच्याकडे पाहत उभी राही. एका शनिवारी केतकी घरी येऊन पोळ्या लाटताना एकाएकी थांबली.

“नाव सांगणार नाही, बाबा, सांगू नयेच. पण एक बाई आहे. दर वेळी म्हणते, शेजारणीच्या छातीत गाठ आहे, वाढतेय. आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे शेजारीण कोण ते. अल्माझ म्हणते, ओढून आत नेली तर पुन्हा दिसणार नाही. तिला स्वतःच्या पायानं तिसऱ्या पेल्याला यायला हवं. आज म्हणत होती, शेजारीण आता थोडी घाबरलीये. म्हणजे येईल. लवकरच येईल.”

नाव न सांगताही मला ते समजले होते. त्या रात्रीपासून जपाच्या शेवटी मी त्या लेकीसाठी एक माळ अधिक ओढू लागलो.

बॉटनी डाउन्स

नगराच्या पूर्वेला बॉटनी डाउन्स नावाची वसाहत आहे. दुकानांचे एक गावच्या गाव तेथे उभे केलेले आहे. त्याच्या पलीकडे आमच्या मराठी मंडळींपैकी पुष्कळांची घरे आहेत. मंडळाचे कार्यवाह अविनाशराव यांनी आम्हाला भोजनास बोलाविले. हे पुण्याचे, बुद्धीने तल्लख, वागण्यात अगत्यशील. मकरंदाच्या कारखान्यात ते त्याचे वरिष्ठ, आणि त्याला ती नोकरी लागली तीही त्यांच्याच शब्दाने. पानात बासुंदी होती. अळूची भाजी होती; अळू त्यांनी स्वतः परसात लावलेला. परदेशी असे पान वाढले गेले की यजमानांविषयी कृतज्ञता वाटते, आणि मला ती वाटली.

भोजनोत्तर अविनाशरावांच्या पत्नी, म्हणजे सर्वांच्या वहिनी, केतकीला म्हणाल्या, “अगं, तू त्या काळ्या बायकांत कशाला जातेस शनिवारची? आपला बालवर्ग आहे, तिथे ये की.”

“वहिनी, त्यांना गरज आहे.”

“असेल गं. पण तो वास! आपण रविवारी त्याच हॉलमध्ये गेलो तरी पडद्यांना येतो. तेलकट, कसलासा.”

त्यांच्या देव्हाऱ्यात काळ्या पाषाणाची बालाजीची मूर्ती होती, फार सुबक. तिच्यापुढे उदाचा धूर दाटला होता. यजमानाघरी पाहुण्याने शिकवू नये.

अविनाशरावांनी मग मुख्य गोष्ट काढली. गणेशोत्सव जवळ आला होता. त्याच्या तयारीचा आरंभ गणहोमाने व्हावा आणि तो माझ्या हातून व्हावा. सभागृह रविवारी मंडळाकडे असतेच.

“हवन बाहेर अंगणात करू,” मी म्हणालो.

“बाहेर पाऊस आणि वारा, गुरुजी. आतच करू. विटा, त्यावर ॲल्युमिनियमचे ट्रे, त्यावर कुंड. मी सगळं इंजिनीअर केलंय.”

“आणि ती घंटा?”

“त्याचं टेन्शन तुम्ही घेऊ नका. कारखान्यात सेफ्टी माझ्याकडेच आहे!” असे म्हणून ते हसले, आणि आम्ही सर्वच हसलो.

त्यानंतरच्या रविवारी होम उत्तम झाला. आहुतींना आरंभ होण्यापूर्वी अविनाशराव शिडीवर चढले आणि छताला लावलेल्या धूरसूचक यंत्रावर त्यांनी अंघोळीच्या वेळी केसांना घालतात ती प्लास्टिकची टोपी चढविली. कुठल्याशा हॉटेलातून आणलेली, निळ्या फुलांची. शिडी मकरंदाने धरली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पूर्णाहुती झाली, प्रसाद झाला, लाद्या पुसल्या, विटा उचलल्या, शिडी कपाटात गेली. टोपी वरच राहिली.

पुढच्या शनिवारी दुसरा पेला चालू असताना सभागृहाच्या व्यवस्थापिका मार्गरेटबाई दिवे तपासायला आल्या. त्यांची दृष्टी वर गेली. छताखाली निळी टोपी, ओसरीवर निखारे, हवेत धूप. त्यांनी जो निष्कर्ष काढायचा तो काढला. यंत्र झाकणे हा तेथे मोठा अपराध मानतात. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “हे फार, फार निराशाजनक आहे,” आणि परिचारिकेला तेव्हाच काम थांबवायला सांगितले. बायका पेले तसेच ठेवून उठल्या. हिरुत सर्वांत आधी बाहेर पडली. मी दाराशीच होतो; तिने माझ्याकडे पाहिले, आणि मान खाली घालून बाबागाडी पायरीवरून उतरवली.

केतकी मागच्या खोलीत होती. टोपी काय आहे हे तिला कळेना, कारण होमाच्या दिवशी ती घरी प्रसाद रांधीत होती. मला मात्र कळले. मार्गरेटबाईंना सांगण्यासाठी मी वळलो, तोवर त्यांची गाडी निघून गेली होती.

ईस्ट टामाकी

मी मकरंदाला सांगितले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “चला बाबा, तुम्हाला माझा कारखाना दाखवतो.” ईस्ट टामाकी हा सारा कारखान्यांचा आणि गोदामांचा प्रदेश. सुटीचा दिवस, त्यामुळे रस्ते रिकामे. फाटकाबाहेर गाडी उभी करून त्याने मला कुंपणातून आपली खिडकी दाखविली. तिच्या शेजारची मोठी खिडकी अविनाशरावांची.

“बाबा, पुढच्या महिन्यात इथली काही माणसं कमी करणार आहेत. यादी अविनाश करतोय.”

“मी त्यांच्याविरुद्ध बोलत नाही. टोपी आपली होती एवढेच सांगायचे आहे.”

“तेच ते. सभागृह गेलं तर गणपती कुठे बसवायचा? तीनशे माणसं येतात. त्या बायकांना दुसरी जागा मिळेल.”

“आपल्याला मिळणार नाही ती त्यांना कशी मिळेल?”

त्याने गाडी सुरू केली.

सभागृहाच्या समितीची बैठक मंगळवारी संध्याकाळी होती. टोपीच्या प्रकरणी सभागृह वापरणाऱ्या दोन्ही पक्षांना बोलावले होते. मीही गेलो, मकरंदाला मला ‘नको’ म्हणता आले नाही. लांब टेबल, चहा, आणि अल्माझने वर्णिलेली बिस्किटे. अल्माझ एकटीच आली होती, तेच शुभ्र वस्त्र नेसून.

“मी कोणावर आरोप करत नाही,” मार्गरेटबाई म्हणाल्या, “पण नियम सर्वांना सारखे आहेत.”

“आम्ही कॉफी बाहेर भाजतो,” अल्माझ म्हणाली. “तुम्ही स्वतः ती बाहेर प्यायलाय. माझ्या बायकांपैकी निम्म्या गर्भार आहेत आणि उरलेल्यांच्या कडेवर मुलं आहेत. त्यांतली कोण त्या छतापर्यंत चढली ते मला दाखवा, मी तिला सर्कशीत पाठवते.”

कोणी हसले नाही. अविनाशराव चहात चमचा फिरवीत होते. मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले की झाले ते झाले, त्यात पडण्याची आमची इच्छा नाही. मात्र शनिवार मोकळा होणार असेल तर उत्सवाच्या तालमीसाठी मंडळाला तो घेता येईल.

मी उभा राहिलो. वाक्य घरून जुळवून आणले होते. “मॅडम, ती टोपी आमची आहे. रविवारी येथे आम्ही अग्नी केला. मी स्वतः केला. त्या दिवशी टोपी घातली, काढायची राहिली. या बायका निर्दोष आहेत.”

मार्गरेटबाईंनी अतिशय मायाळू नजरेने माझ्याकडे पाहिले, आणि मग माझ्या मुलाकडे. “खरं का हे?”

मकरंद इंग्रजीत म्हणाला, “बाबा अजून इथे रुळतायत. दिवसांची त्यांची थोडी गल्लत होते.”

वयाच्या सातव्या वर्षी मला गुरुगृही ठेवले. तेथे मंत्राची पदे पुढून मागे, मागून पुढे, पुन्हा पुढून अशी म्हणवून घेत, आणि एक स्वर ढळला तर पहिल्यापासून. साठ वर्षे ती शिस्त मी सांभाळली आहे. स्मरण हेच माझे सारे धन. ते माझ्या मुलाने त्या टेबलावर बिस्किटांच्या ताटलीशेजारी ठेवले आणि बाजूला सरकवले.

“तुम्ही फार दयाळू आहात,” मार्गरेटबाई मला म्हणाल्या. एखाद्या सत्पुरुषाने दुसऱ्याचे पाप अंगावर घ्यावे तसे काहीसे त्यांना वाटले असावे.

अल्माझने मकरंदाकडे पाहिले. मग माझ्याकडे. “बसा, अब्बा,” ती हळू म्हणाली. “पाय दुखतील.”

शनिवार मंडळाला मिळाला.

परतताना गाडीत मकरंद म्हणाला, “तुम्ही कार्तिकात जाल, बाबा. मला इथे राहायचंय.” हे खरे होते.

केतकीला कळले तेव्हा तिने मकरंदाला एकच विचारले, “शिडी तू धरली होतीस ना?” तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती एकटी मार्गरेटबाईंकडे गेली आणि सारे सांगून आली. त्यांनी तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, असेलही तसे. पण नोंदणी होऊन गेली आहे. आणि मनापासून सांगायचे तर तुमचे लोक किती नीटनेटके आहेत! त्या कॉफीविषयी तक्रारी यापूर्वीही आल्या होत्याच. पुढच्या वर्षी पाहू. केतकी हे सांगत होती तेव्हा तिचा चेहरा माराने व्हावा तसा झाला होता.

पुन्हा हिल्सबरो

अल्माझने इतर सभागृहे विचारून पाहिली. शनिवार कोठेही मोकळा नव्हता. तेव्हा रविवारी स्वतःच्या घरी, मोटार ठेवायच्या खोलीत बायकांना जमवायचे तिने ठरवले. परिचारिकेला मात्र तेथे येण्याची परवानगी नव्हती. तपासणीला वेगळी खोली हवी, वाहते पाणी हवे. “आधी पुन्हा पहिला पेला तरी ओतू,” अल्माझ म्हणाली. “मग बघू.”

अडचण ही की सगळ्याच बायकांना निरोप पोहोचलेला नव्हता. काहींकडे दूरध्वनी नाही, काही उचलीत नाहीत. शनिवारी ती स्वतः घरोघर फिरणार होती. तिने मला विचारले, “अब्बा, त्या सकाळी तुम्ही दाराशी बसाल? कोणी आलंच तर पत्ता द्या. तुमचा चेहरा त्यांच्या ओळखीचा आहे.”

मी बसलो. बोचरा वारा होता. आत उत्सवाची तालीम रंगली होती. ढोल, ताशा, लेझीम. मुले जांदल घालून धावत होती. चपलेला ते असे म्हणतात. वहिनींनी मला आत बोलावले, गरम चहा पाठवला. चहा मी परत पाठविला.

दोघीजणी आल्या, पत्ता घेऊन गेल्या. बराच वेळ कोणी आले नाही. मग वळणावरून बाबागाडी दिसली.

हिरुत नटून आली होती. तिच्या अंगावर अल्माझसारखेच शुभ्र वस्त्र होते, हिरव्या काठाचे. यापूर्वी तिला मी नेहमी जुन्या कोटात पाहिले होते. मुलाचे केस विंचरलेले. पायरीशी येऊन ती थबकली. आतून ढोलाचा गडगडाट येत होता. तिने दाराकडे पाहिले, ओसरीच्या रिकाम्या टोकाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“अल्माझ?” तिने विचारले.

“अल्माझ घरी. रविवारी,” मी म्हणालो आणि पत्त्याचा कागद दिला. तिने तो हातात धरला, पण वाचला नाही. वाचता येत नव्हते.

“नर्स?”

मी मान हलविली. नाही.

तिने उजवा हात वर केला आणि तीन बोटे दाखविली. मग तोच हात आपल्या छातीवर ठेवला. “टुडे,” ती म्हणाली. “टुडे, थ्री.”

तिला समजले नसेल असे वाटून मी पुन्हा म्हणालो, रविवारी, अल्माझच्या घरी. मी हातांनी घर काढून दाखवले. देववाणीतील शब्दांचा एवढा संचय घेऊन मी तेथे उभा होतो, आणि त्या मुलीला थांबविणारा एकही शब्द माझ्याजवळ नव्हता. ‘थांब, बैस,’ असे मी मराठीतच म्हणालो. केतकीला बोलवावे तर ती अल्माझबरोबर गेलेली. आतल्या कोणाला तरी दुभाषा म्हणून बोलवावे तर कोणाला?

ती थांबली नाही. बाबागाडी वळवून थांब्याकडे निघाली. मी मागोमाग गेलो. बस आली. चालकाने तिची गाडी चढवायला हात दिला आणि मला विचारले, “तुम्ही येताय का, आजोबा?” मी दारावर राहण्याचे वचन दिले होते. मी नाही म्हणालो. बस गेली.

रविवारी केतकीने मला अल्माझच्या घरी नेले. चारपाच बायका आल्या होत्या. अल्माझने तीन वेळा कॉफी ओतली. प्रत्येक वेळी एक पेला भिंतीशी असलेल्या रिकाम्या जागेपुढे ठेवला, आणि थंड झाल्यावर बाहेर गवतावर ओतला. त्याआधी शनिवारी संध्याकाळी ती हिरुतच्या घरी जाऊन आली होती. दार उघडले गेले नव्हते. पुढेही दोनदा नाही. चौथ्या खेपेला त्या घरात दुसरे बिऱ्हाड होते. नवऱ्याला दक्षिणेकडे कोठेतरी फळबागेत काम मिळाले म्हणे.

मी परत निघण्यापूर्वी अल्माझला भेटलो. म्हणालो, मी आमच्या भाषेत लिहितो. तुझ्याविषयी लिहीन, की अशी एक बाई आहे, आपल्या बहिणींसाठी ती एवढे करते.

“माझ्याविषयी नको,” ती म्हणाली. “मला चांगली बाई म्हणतात आणि दार लावून घेतात. लिहायचंच तर त्या सकाळी आत ढोल कोण वाजवत होतं ते लिहा.”

या गोष्टीला आता कार्तिक, मार्गशीर्ष उलटून गेले. केतकीचा दूरध्वनी दर रविवारी येतो. ती अजून अल्माझकडे जाते. तेथे आता एक पडदा लावला आहे आणि नळही घेतला आहे. परिचारिका अद्याप आलेली नाही. हिरुतचा ठावठिकाणा दक्षिणेतल्या कोणत्याही इस्पितळात लागला नाही. मकरंदाची नोकरी टिकली.

अल्माझने सांगितले ते लिहिणे माझ्याकडून शेवटपर्यंत लांबत गेले. ढोल माझा मुलगा वाजवत होता.